बॅटरी बसली, इंजिन खोकतंय: छोट्या विमानांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात छोट्या विमानांच्या देखभालीवर लिहिलं आणि प्रश्न पाठवा म्हटलं, तर भरपूर पत्रं आली, बरीचशी फ्लाइंग स्कूलमधल्या पोरापोरींची, काही परदेशात स्वतःचं विमान असलेल्या मराठी मंडळींची. जवळजवळ सगळ्यांचं दुखणं दोनच, इंजिन नाहीतर बॅटरी. उत्तरांमध्ये एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नका: पार्ट बदलायच्या आधी मोजा. आणि इथे वाचून पाना हातात घेऊ नका, तुमच्या विमानाचं मॅन्युअल आणि तुमचा एएमई (विमानाची देखभाल करणारा लायसन्सवाला इंजिनिअर) जे सांगेल तेच शेवटचं.

प्रश्न: मी मूळचा साताऱ्याचा, टेक्सासमध्ये असतो. मित्राबरोबर भागीदारीत १९७५ चं सेसना १७२ घेतलंय. मास्टर स्विच चालू राहिला आणि बॅटरी ठार बसली. हँगरमधल्या एका जुन्या पायलटने प्रॉपेलर हाताने फिरवून इंजिन चालू करून दिलं, पण अ‍ॅमीटर शून्यावर, रेडिओ बंद, काहीच नाही. मेकॅनिक म्हणतो अल्टरनेटर गेला, नवीन घ्या. खरंच गेला असेल का?

थांबा, लगेच पैसे घालू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी अल्टरनेटर गेल्याचं काहीच सिद्ध होत नाही.

काय होतं बघा. तुमच्या विमानात बॅटरी आणि बाकी सगळी वायरिंग यांच्या मधे एक कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, असतो. मास्टर ऑन केला की 'टक्' असा आवाज येतो ना, तो त्याचा. पण हा कॉन्टॅक्टर ओढून धरायला लागणारा करंटसुद्धा बॅटरीच देते. बॅटरी पूर्ण बसली की तो ओढलाच जात नाही, म्हणजे बस बारवर (सगळ्या उपकरणांना वीज वाटणारी पट्टी) काहीच येत नाही. आणि अल्टरनेटरला स्वतःची वीज तयार करायच्या आधी फील्डला, म्हणजे आतल्या चुंबकाच्या गुंडाळीला, थोडा करंट बाहेरून द्यावा लागतो, तो बस बारवरूनच येतो. तिथे शून्य असेल तर अल्टरनेटर नुसता गरगर फिरत राहतो, देत काही नाही. इंजिन मात्र मस्त चालतं कारण ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचा बॅटरीशी संबंधच नसतो. म्हणजे तुम्हाला जे दिसलं ते सगळं एकट्या बसलेल्या बॅटरीने होऊ शकतं, अल्टरनेटर शंभर टक्के चांगला असूनही.

आता क्रम असा ठेवा. पहिलं, बॅटरी विमानातून बाहेर काढून तिच्या कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने चार्ज करा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी बसलेल्या अवस्थेत जितके दिवस पडून राहील तितकं प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं, त्यामुळे ‘रविवारी बघू’ नको. कारचा मोठा फास्ट चार्जर लावू नका. चार्ज झाली की कपॅसिटी टेस्ट करून घ्या, म्हणजे ठरलेल्या लोडवर १२ व्होल्टची बॅटरी १० व्होल्टपर्यंत उतरायला किती वेळ घेते ते मोजायचं. रेटिंगच्या ८० टक्क्यांच्या खाली आली तर ती बदला, मग नुसतं व्होल्टेज कितीही छान दिसू दे. एकदा तळाला गेलेली बॅटरी इंजिन चालू करून देईल सुद्धा, पण हवेत अल्टरनेटर गेला तर किती वेळ साथ देईल ते फक्त ही टेस्टच सांगते.

दुसरं, चांगली बॅटरी बसवून इंजिन चालू करा, साधारण १५०० आरपीएमला बसवर व्होल्टेज बघा. १४ व्होल्टच्या आसपास आलं तर विषय संपला, अल्टरनेटर वाचला. बॅटरीचंच व्होल्टेज, १२ ते साडेबारा, दाखवत राहिलं तर मग पुढे जायचं: मास्टरचा अल्टरनेटरवाला अर्धा भाग ऑन आहे ना, सर्किट ब्रेकर उडालाय का, ओव्हर-व्होल्टेज सेन्सरने अल्टरनेटर बाद केलाय का (तो लाल दिवा लागतो, मास्टरचे दोन्ही भाग बंद करून परत चालू केले की रिसेट होतो), पट्टा सैल आहे का, फील्डच्या वायरवर व्होल्टेज पोचतंय का. तिथे व्होल्टेज पोचत असून अल्टरनेटर देत नसेल तरच त्याचे कार्बन ब्रश आणि आतलं बघायचं. पोचतच नसेल तर दोष मागे आहे, रेग्युलेटर नाहीतर स्विच नाहीतर एखादं सैल टर्मिनल.

अमेरिकेत प्रायव्हेट पायलटला स्वतःच्या विमानाची बॅटरी बदलण्याची, सर्व्हिस करण्याची परवानगी तिथल्या विमान नियमांच्या (एफएआर) पार्ट ४३ मध्ये आहे, लॉगबुकमध्ये नोंद मात्र करावी लागते. अल्टरनेटरच्या वायरिंगला हात लावायचा तर लायसन्सवाला मेकॅनिक हवाच.

आणि एक कळकळीचं सांगणं. हाताने प्रॉप मारून इंजिन चालू झालं तरी बसलेल्या बॅटरीवर उडू नका. मॅग्नेटोच्या विमानात तुमचा रेडिओ, फ्लॅप, दिवे जातील. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलच्या इंजिनात यापेक्षा फार वाईट होतं. २००७ साली जर्मनीत श्पायरला डायमंड डीए-४२ विमानाच्या बॅटऱ्या बसलेल्या होत्या म्हणून बाहेरच्या पॉवरवर स्टार्ट करून टेक-ऑफ घेतला, चाकं आत घेताना व्होल्टेज खाली गेलं, इंजिन चालवणारे कॉम्प्युटर रिसेट झाले आणि दोन्ही इंजिनं एकदम बंद पडली. प्रॉप हाताने मारणं हे तर वेगळंच संकट आहे, शिकवलेल्या माणसाशिवाय आणि आत ब्रेकवर पाय ठेवून बसलेल्या जाणत्या माणसाशिवाय कुणी करू नये, हात जातात त्यात.

प्रश्न: माझा मुलगा बारामतीला फ्लाइंग शिकतोय. तो फोनवर म्हणाला आज बॅटरीचा प्रॉब्लेम होता. हवेत बॅटरी संपली तर इंजिन बंद पडतं का हो? तेव्हापासून झोप नाही. – एक आई, सोलापूर

ताई, शांत झोपा. ट्रेनिंगच्या सेसना १५२ किंवा १७२ सारख्या विमानात नेहमीचं पेट्रोल इंजिन असेल तर बॅटरीचा आणि इंजिन चालत राहण्याचा संबंध नसतो. त्या इंजिनावर दोन मॅग्नेटो असतात, इंजिनच्याच गिअरवर फिरून स्वतःची ठिणगी स्वतः तयार करणारे, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन दोन स्पार्क प्लग. एक मॅग्नेटो गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालतं, बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही गेले तरी चालतं. जातं ते काय, तर रेडिओ, ट्रान्सपॉन्डर, दिवे, फ्लॅपची मोटर, काही मीटर. पोरांना हे शिकवतातच: लो व्होल्टेजचा दिवा लागला की नको असलेली उपकरणं बंद करायची, बोलणं आटोपशीर ठेवायचं आणि जवळच्या एअरफील्डला उतरायचं. काही नवीन डिझेल आणि इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनांना वीज लागते, त्या विमानांत बॅकअपची सोय वेगळी केलेली असते. मुलाला विचारा तो कुठलं विमान उडवतो, आणि त्यालाच समजावून सांगायला लावा, त्याचीही उजळणी होईल.

प्रश्न: सर, रन-अपला (टेक-ऑफआधी एकेका मॅगवर, म्हणजे मॅग्नेटोवर, इंजिन चालवून बघतो तेव्हा) राईट मॅगवर ठीक पण लेफ्टवर आरपीएममध्ये २०० चा ड्रॉप आणि इंजिन थरथरतं. इन्स्ट्रक्टर मिक्श्चर लीन करून (पेट्रोलचं प्रमाण कमी करून) थोडा वेळ आरपीएम वाढवून ठेवतात, मग ड्रॉप ८० वर येतो आणि आम्ही जातो. हे बरोबर आहे का? – ट्रेनी पायलट

तुझे सर करतात ते मान्य असलेलंच आहे, पण ते कधी थांबवायचं हे कळायला हवं.

आपण जे निळं अ‍ॅव्हगॅस टाकतो, १०० एलएल, त्याच्या नावात लो लेड असलं तरी शिसं भरपूर असतं, लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडं जास्त जाऊ शकतं. फुल रिच मिक्श्चरवर तुम्ही दहा-पंधरा मिनिटं आयडलला रांगेत उभे राहिलात की प्लग पुरेसा गरम होत नाही आणि ते शिसं तिथेच साठतं. खालचे प्लग जास्त धरतात. काढून हातात घेतला तर इन्सुलेटरच्या खोबणीत खसखशीच्या दाण्याएवढ्या करड्या गोळ्या अडकलेल्या दिसतील, टोकदार तारेने एकेक उकरून काढाव्या लागतात. त्या गोळ्यांतून करंट निसटतो, ठिणगी पडत नाही, तो सिलिंडर त्या मॅगवर मेलेला. लीन करून चालवलं की तापमान वाढतं आणि काही वेळा ते जळून निघतं.

१७२ एसच्या हँडबुकमध्ये १८०० आरपीएमला जास्तीत जास्त १५० ड्रॉप आणि दोन मॅगमधला फरक जास्तीत जास्त ५० दिलाय, जुन्या १७२ एन ला १७०० ला १२५ आणि ५०. तुझ्या विमानाचा आकडा पाठ कर. एक-दोनदा लीन करून साफ झालं तर ठीक. नाही झालं तर परत पार्किंगला, चर्चा नाही. आणि त्याच मॅगवर रोज रोज असं होत असेल तर ते ‘क्लिअर झालं’ म्हणून सोडायचं नाही, टेक लॉगमध्ये (विमानातले दोष नोंदवायची वही) लिहायचं. इन्स्ट्रक्टरसमोर लिहायला संकोच वाटतो ते मला ठाऊक आहे, तरी लिहायचं. लिहिलेलं नसेल तर एएमईला कळणार कसं?

आणि ड्रॉप कसा आहे तेही लिही, नुसता आकडा नको. इंजिन थरथरत ड्रॉप आला तर बहुतेक एखादा प्लग किंवा त्याची लीड. इंजिन एकदम गुळगुळीत चालतंय पण ड्रॉप मोठा आहे तर टायमिंगकडे संशय जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अजिबात ड्रॉप न येणं. पोरं खूश होतात, वा, शून्य ड्रॉप! अरे, त्याचा अर्थ मॅग बंदच होत नाहीये, त्याची अर्थिंगची वायर, जिला पी-लीड म्हणतात, ती तुटलेली असू शकते. म्हणजे किल्ली काढून खिशात घातली तरी मॅग जिवंत, आणि कुणी सहज प्रॉपला हात लावून फिरवला तर इंजिन एखादा फटका मारू शकतं. म्हणून प्रॉप कायम जिवंत आहे असंच समजायचं.

एएमईसाठी सोपी युक्ती: खराब मॅगवर मिनिटभर चालवून इंजिन बंद करा आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही एक्झॉस्ट पाईप मोजा, जो थंड तो सिलिंडर. मग त्या मॅगचा त्या सिलिंडरवरचा एकच प्लग काढा, आठ नाही. प्लगचा रेझिस्टन्स ५००० ओहमच्या वर गेला असेल तर साफ करत बसू नका, बाद करा.

प्रश्न: आमच्याकडच्या एका लायकोमिंग कंपनीच्या इंजिनाचं सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन मिनिटं हलणं चालतं, एक सिलिंडर मिस होतो, मग गरम झालं की एकदम सुरळीत. सिनिअर म्हणतात थंडीमुळे होतं, चालतं. दिवसभर परत होत नाही. – टेक्निशियन, गावाचं नाव देऊ नका

नाव देत नाही, पण हे पत्र तुमच्या सिनिअरना वाचून दाखवा. हे चालत नाही. या दुखण्याला सगळीकडे ‘मॉर्निंग सिकनेस’ म्हणतात आणि ते बहुतेक वेळा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाईडमध्ये (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ती) अडकत असल्याचं लक्षण असतं.

लायकोमिंगमध्ये व्हॉल्व्ह आणि गाईडमधल्या बारीक जागेत तेल जळून कडक कार्बन साठत जातो. आदल्या दिवशी गरम इंजिन बंद झालं, रात्रभर थंड झालं, जागा आणखी कमी झाली, सकाळी तो व्हॉल्व्ह उघडा राहतो किंवा हळू बंद होतो, सिलिंडर कॉम्प्रेशन धरत नाही. गरम झालं की सुटतो. म्हणून दिवसभर काही दिसत नाही आणि सगळे विसरतात. पण तो कार्बन कमी होत नाही, रोज वाढतोच, आणि एक दिवस व्हॉल्व्ह चालू इंजिनात पूर्ण अडकतो. मग पुश रॉड वाकतो, त्याच्या ट्यूबमधून तेल बाहेर यायला लागतं, आणि हे टेक-ऑफला झालं तर विमानात एखादं शिकणारं पोरगं एकटं असू शकतं. याच कारणाने मी एवढं ठासून लिहितोय.

लायकोमिंगचं सर्व्हिस बुलेटिन ३८८ याच तपासणीसाठी आहे, विमानांसाठी दर १००० तासांना, आणि संशय आला तर त्याआधीच करायची. तुम्हाला संशय आलेला आहे, म्हणजे तास मोजत बसायचं कारण नाही. गाईड घट्ट असेल तर सिलिंडर न काढतासुद्धा रीम करता (आतून खरवडून मोकळा करता) येतो: प्लगच्या भोकातून सुती दोर आत भरून व्हॉल्व्हला खालून आधार द्यायचा, स्प्रिंग काढायचे, व्हॉल्व्ह आत ढकलून गाईड साफ करायचा, परत ओढून बसवायचा. नाजूक काम आहे, ज्याने केलंय त्याच्या हाताखाली करा. कॉम्प्रेशन चेक चांगला आला म्हणून गप्प बसू नका, तो गरम इंजिनावर केला असेल तर व्हॉल्व्ह तेव्हा सुटलेला असतो.

तेलाचंही बघा. फुल-फ्लो फिल्टर असेल तर ५० तासांना, नुसती जाळी असेल तर २५ तासांना, आणि तास कमी झाले असले तरी चार महिन्यांना तेल बदलायचं. स्कूलमध्ये ‘अजून पाच तास जाऊ दे’ म्हणणारे फार. त्या पाच तासांनी वाचणारे पैसे आणि एका सिलिंडरचा खर्च शेजारी शेजारी लिहून मॅनेजरच्या टेबलावर ठेवा.

प्रश्न: जुहूला ठेवलेल्या जुन्या पायपर चेरोकीला नवीन बॅटरी टाकली तरी सेल्फ मारला की प्रॉप अर्धा फेरा फिरून थांबतो. बॅटरी डिफेक्टिव्ह आली का?

असेलही, पण मला संशय केबलचा आणि अर्थिंगचा. जुहूची हवा समुद्राची, टर्मिनलखाली गंज दिसत नाही पण असतो. जुन्या पायपरमध्ये बॅटरीच्या केबल अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत, त्यांची टोकं आतून खराब होतात. एएमईला सांगा सेल्फ मारताना मल्टिमीटरने व्होल्टेज ड्रॉप घ्यायला (मिक्श्चर कट-ऑफ, फ्युएल बंद, चाकाला चॉक, प्रॉपजवळ कुणी नाही): एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या क्रँककेसला. तिथे दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थ स्ट्रॅप काढून दोन्ही बाजू चकचकीत घासा. मग तसंच बॅटरीच्या प्लसपासून स्टार्टरच्या टर्मिनलपर्यंत, मधे दोन कॉन्टॅक्टर आहेत, एकेक ओलांडत मोजत जा, जिथे उडी दिसेल तिथे दोष. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि सारखा सारखा सेल्फ मारू नका, स्टार्टर जळेल. १७२ एसच्या हँडबुकात १० सेकंद मारा, २० सेकंद थांबा, असं तीनदा आणि मग १० मिनिटं विश्रांती असं दिलंय, तुमच्या स्टार्टरचं काय ते बघून घ्या.

प्रश्न: मे महिन्यात नागपूरला लँड करून चहा पिऊन आलो की १७२ एस चालूच होत नाही, सकाळी एका झटक्यात होतं. का?

इंजिनच्या वरून जाणाऱ्या बारीक इंजेक्टर लाईनमध्ये पेट्रोलची वाफ झालेली असते. इंजिन बंद केल्यावर काऊलिंगखाली (इंजिनवरचं झाकण) हवा फिरत नाही आणि तापमान उलट चढतं. गरम स्टार्टची पद्धत हँडबुकात वेगळी दिलीय, सकाळचीच पद्धत वापरून पंप चालवत राहिलात तर फ्लड होईल, म्हणजे आत पेट्रोल जास्त होईल. फ्लड झालंच तर मिक्श्चर कट-ऑफ, थ्रॉटल अर्धा ते पूर्ण उघडा, सेल्फ मारा, इंजिनने पकडलं की मिक्श्चर पुढे आणि थ्रॉटल लगेच मागे. विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं केलंत तरी फरक पडतो.

प्रश्न: सर, पावसाळ्यात ३० डिग्री तापमान असताना मी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणं) विसरलो म्हणून इन्स्ट्रक्टर ओरडले. आपल्याकडे कसला बर्फ?

ओरडले ते बरोबर. कार्ब्युरेटरच्या व्हेंचुरीत, म्हणजे मधल्या अरुंद भागात, हवेचा दाब पडतो आणि पेट्रोलची वाफ होते, दोन्हीमुळे तिथलं तापमान एकदम ३०-३५ डिग्रीने खाली जाऊ शकतं. बाहेर ३० आणि हवा ओलीचिंब, म्हणजे आत बर्फाला पुरेपूर वाव. २१ डिग्रीच्या खाली आणि ८० टक्क्यांवर आर्द्रता असेल तेव्हा धोका सगळ्यात जास्त, पण ३८ डिग्रीपर्यंतही होऊ शकतो, आणि डिसेंटला थ्रॉटल मागे घेतल्यावर तर हमखास. लक्षण काय, तर तू हात न लावता आरपीएम हळूहळू उतरतात. कार्ब हीट पूर्ण ओढली की आधी आणखी उतरतात, बर्फ वितळून पाणी आत जातं तेव्हा इंजिन खडखडतं, आणि इथेच घाबरून पोरं हीट परत आत ढकलतात. ढकलायची नाही, थांबायचं, मग आरपीएम वर येतात.

प्रश्न: पावसाळाभर विमान उडत नाही, म्हणून दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालवून ठेवतो. बॅटरीही चार्ज होते. पुरेसं आहे ना?

हे बंद करा, मनापासून सांगतो. दहा मिनिटांत तेल इतकं तापत नाही की आतलं पाणी उडून जाईल, उलट प्रत्येक वेळी जळण्यातून नवीन पाणी तयार होऊन तेलात मिसळतं. लायकोमिंगचा कॅमशाफ्ट वर असतो, तेल निथळून गेलं की तो उघडा पडतो आणि पहिला गंज त्यालाच. लायकोमिंग म्हणते ३० दिवसांत एकदा तरी सलग एक तास उडवा, तेलाचं तापमान ७४ ते ९३ डिग्रीच्या मधे ठेवून. बॅटरीही आयडलवर दहा मिनिटांत सेल्फला खर्च झालेली वीज धड भरून घेत नाही.

उडवणं जमणारच नसेल तर एएमईकडून इंजिन प्रिझर्व्ह करून घ्या, प्रिझर्व्हेटिव्ह तेल आणि वरच्या प्लगच्या जागी डिहायड्रेटर प्लग. त्यातली सिलिका निळी असते, ओल पकडली की गुलाबी होते, पावसात दर आठवड्याला रंग बघून बदला. बॅटरी काढून कोरड्या जागी तिच्याच कंपनीने सांगितलेल्या चार्जरवर ठेवा. आणि प्रॉपवर मोठ्या अक्षरात पाटी बांधा, ‘इंजिन प्रिझर्व्ह केलंय, प्रॉप फिरवू नका’, कारण हँगरमध्ये येणारा प्रत्येक जण जाता जाता प्रॉप फिरवून बघतो आणि सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर पुसून टाकतो.